गाईचा डबा कसा बांधावा

प्लास्टिकच्या फेऱ्यांत गच्च आवळलेला माल पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाला नवा नाही. चाकणहून निघालेल्या कुठल्याही टेम्पोत डोकावा, लाकडी पॅलेटवर खोक्यांची थप्पी आणि तिच्याभोवती चकचकीत पारदर्शक शीट दिसणारच. मी राहतो थेरगावात आणि चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅचला वीस वर्षं काढली आहेत. रोलवरून शीट सुटताना होणारा ‘चर्रर्र’ आवाज मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी पवन मावळातून मावसभावाचा फोन आला, तेव्हा या विषयातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती.

“दादा, तुझ्याकडं ते पॅकिंगचं शीट उरतं का रं? अर्धे रोल असले तरी चालतील.”

“कशाला?”

“हत्तीगवत बांधून ठेवायचंय. मुरघास करतो.”

त्याच्याकडे पाच संकरित गाई आहेत. भाताचा पेंढा बांधायला त्याने एक जुना चौकोनी बेलर घेतला होता. बेलर म्हणजे वैरण दाबून तिची सुतळीने बांधलेली गासडी करणारं यंत्र. त्या गासडीला आता सगळे ‘बेल’च म्हणतात. पेंढ्याच्या बेल छान होत होत्या, तर हिरव्या गवताच्या का होऊ नयेत आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं की मुरघास का होऊ नये, असा त्याचा हिशोब. मी रीतसर गेटपास करून उरलेले रोल पोचवले. दिवाळीच्या तोंडावर दोघा गड्यांनी बेलभोवती फेरे मारत चाळीस बेल गुंडाळल्या आणि गोठ्यामागे रचल्या.

जानेवारीत पहिली बेल फोडली तेव्हा मी तिथेच होतो. उन्हाच्या बाजूचं शीट बोट लावताच पापडासारखं तुटलं. चारही कोपऱ्यांवर पांढरी-हिरवट बुरशी, एकमेकांत घट्ट गुंतलेली, कापसाच्या बोळ्यासारखी. कडेचं गवत काळपट आणि हाताला चक्क ऊब लागत होती, जानेवारीच्या सकाळी. पण हात मनगटापर्यंत आत घातला आणि मूठभर गवत बाहेर काढलं, तर ते पिवळसर, मऊ, ताकासारखा आंबूस वास असलेलं. गाईने ते मान लांब करून ओढून घेतलं. कडेचं मात्र हुंगून सोडून दिलं.

एकच गवत, एकच दिवस, एकच शीट. मग मधलं चांगलं आणि कडेचं उकिरड्याच्या लायकीचं, असं का? छोट्या शेतकऱ्याने बेल गुंडाळायचं यंत्र, म्हणजे रॅपर, कोणतं घ्यावं याचं उत्तर या कोड्यातच आहे.

दही, लोणचं आणि पेनिसिलिन

मुरघास म्हणजे मुरवलेला घास. लोणचं मुरतं तसाच. हिरव्या चाऱ्यात साखर असते आणि त्याच्या पानांवर मुळातच काही जिवाणू बसलेले असतात. त्यातले काही आपल्या विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंद. हवा नसेल तर ते साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचं दही होताना होतं तेच इथे होतं. आम्लता मोजायचं जे माप असतं, त्याला सामू म्हणतात, तो चारच्या आसपास उतरला की बाकीच्या जिवाणूंचं काही चालत नाही. चारा मग महिनोन् महिने तसाच राहतो. हे सगळं स्थिरावायला सहा आठवडे लागतात, म्हणून आपल्याकडे ‘४५ दिवस हात लावू नका’ असं सांगतात.

पण कापलेलं गवत लगेच मरत नाही. आत हवा असेपर्यंत ते श्वास घेत राहतं, साखर जाळतं आणि गरम होतं. ही साखर म्हणजे आपल्या विरजणाचं जेवण. हवा जितका वेळ राहील तितकं ते जेवण वाया. बेल चांगली दाबलेली असेल तर आतला प्राणवायू काही तासांत संपतो आणि कामाच्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं. बेल पोकळ असेल किंवा बाहेरून हवा झिरपत राहिली, तर आधी यीस्ट जागं होतं, ते आम्ल खायला लागतं, सामू वर चढतो आणि मग बुरशी येते. कडेला हाताला लागलेली ऊब ती हीच.

बुरशीला हवा किती प्रिय असते याचा धडा खरं तर आमच्या पिंपरीतच आहे. १९५४ साली इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन देणारी बुरशी तिथे मोठमोठ्या टाक्यांत वाढवायची आणि त्यासाठी टाकीत सतत हवा सोडायची, अशी ती पद्धत. बुरशीला हवा दिली की ती फोफावते. मुरघासावर येणाऱ्या हिरवट बुरशीत याच पेनिसिलियम कुळातले मेंबर असतात. तिथे तिला हवा देऊन पोसलं, गोठ्यामागे तिला हवेवाचून मारायचं. लोणच्यावर तेलाचा थर देऊन बरणीच्या तोंडाला दादरा बांधणारी आजी हेच करत होती.

छोट्या डब्याची मोठी अडचण

आता कोपऱ्यांकडे येऊ. मोठा बटाटावडा आणि त्याच पिठातलं छोटं भजं शेजारी ठेवा. वड्यात भाजी जास्त, भज्यात कवच जास्त. वस्तू लहान होते तसा तिच्या पोटाच्या मानाने तिचा बाहेरचा पृष्ठभाग वाढत जातो.

भावाच्या बेलचं माप साधारण ३५ × ४५ × ८० सेंटिमीटर. तिच्या बाहेरून फक्त ५ सेंटिमीटरचा थर खरवडला, तर किती माल गेला? आत उरतं २५ × ३५ × ७०. गणित केलं तर निम्म्याहून थोडा जास्त माल त्या पाच सेंटिमीटरच्या सालीतच असतो! दोन पेरांइतकी बुरशी आत शिरली की अर्धी बेल गेली. परदेशात शेतात दिसतात त्या १.२ मीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच रुंदीच्या मोठ्या गोल बेलमध्ये हीच साल एकूण मालाच्या साधारण २३ टक्के भरते. तिथे तेवढीच बुरशी आली तरी तीन चतुर्थांश माल वाचतो.

बेल गुंडाळायची ही पद्धत मुळात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत रुजली. तिथे उन्हाळा आखूड, गवत वाळवायला ऊन नाही आणि बेल मोठ्या. आपण बेल लहान करतो, त्यामुळे आपल्याला तिच्या कपड्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

मग लहान बेल करायचीच कशाला? कारण तिचा एक गुण मोठ्या बेलमध्ये नाही. दुभत्या गाईला दिवसाला १५ किलो मुरघास धरला, तर पाच गाईंना ७५ किलो. म्हणजे एक-दोन लहान बेल हा एका दिवसाचा डबा. सकाळी उघडला, रात्री संपला. बुरशीला उघड्या मालावर बसायला वेळच मिळत नाही. खड्ड्यातला मुरघास उघडला की रोज समोरची किमान चार-सहा इंच फळी पूर्ण कापून काढावी लागते, नाहीतर तो तोंडाकडून तापत जातो. पाच गाईंच्या गोठ्यात खड्डा रुंद झाला, तर तेवढा माल रोज संपतच नाही. मोठी बेल उघडली तरी तीच गत, आणि ती हलवायला ट्रॅक्टर लागतो तो वेगळाच.

शीट आणि शीट

माझी चूक इथे झाली. पॅलेटचं आणि मुरघासाचं, दोन्ही शीटं एकाच जातीच्या पॉलिथिनची, दोन्ही ताणली जातात, दोन्ही चिकटतात. पण कामं वेगळी.

पॅलेटचं शीट खोकी पडू नयेत म्हणून असतं. ते १७ ते २३ मायक्रॉन जाड. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७०-८० मायक्रॉनच्या घरात असतो, यावरून अंदाज करा. माल दोन-चार दिवसांत पोचला की ते फाडून टाकायचं, म्हणून त्यात उन्हापासून बचाव करणारं द्रव्य घालत नाहीत. उन्हातले अतिनील किरण पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडतात, मग शीटचा पापड होतो. मुरघासाच्या शीटमध्ये हे संरक्षण असतं आणि ते किती महिन्यांचं हे रोलच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. ते वाचून घ्यावं, कारण आपलं एप्रिल-मेचं ऊन युरोपातल्या उन्हासारखं सौम्य नाही.

शिवाय पॉलिथिन हवाबंद असतं हा आपला समज अर्धाच खरा आहे. पाणी ते चांगलं अडवतं, पण प्राणवायू त्यातून हळूहळू पाझरतो, शीट तापलं की आणखी जास्त. म्हणून पांढरं शीट. काळं उन्हात तापतं, पांढरं ऊन परतवतं.

पाझर कमी करायचा तर थर वाढवायचे. मुरघासाचं शीट २५ मायक्रॉनचं असतं आणि लहान बेलसाठी २५० मिलिमीटर रुंदीचे रोल मिळतात. गुंडाळताना ते साधारण ७० टक्के ताणायचं असतं, म्हणजे १ मीटरचं १.७ मीटर व्हायला हवं. ताणलेलं शीट मूळ मापाकडे परत जायला बघतं आणि त्या ओढीने बेलला मिठी मारतं, थरांमधली हवा पिळून निघते. ताणल्यावर ते थोडं अरुंदही होतं, २५० चं २०० मिलिमीटर, आणि जाडी १८ मायक्रॉनवर येते. चार थर म्हणजे ७२ मायक्रॉन, सहा थर म्हणजे १०८. आमच्या गड्यांनी हाताने जेमतेम दोन थर दिले होते, तेही पातळ शीटचे आणि कोपऱ्यावर ओढून आणखी पातळ केलेले.

थर एकमेकांवर कसे बसवायचे हे फेटा बांधणाऱ्याला विचारा. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याचा निम्मा भाग झाकतो. बेलवरही तसंच. निम्म्यावर निम्मा फेरा घेत बेल एकदा पूर्ण झाकली की दोन थर होतात. शीटची चिकट बाजू आत हवी. पाऊस किंवा धूळ असेल तर थर एकमेकांना धरत नाहीत, मग सहा थर असूनही मधून हवेला पन्हाळीसारखी वाट मिळते. भर पावसात गुंडाळलेली बेल मी तरी विकत घेणार नाही.

यंत्र नक्की काय करतं?

हाताने जे जमलं नाही ते यंत्र दोन युक्त्यांनी करतं.

पहिली युक्ती ताणाची. शीट दोन रबरी रुळांमधून जातं आणि दात्यांच्या चक्रांनी दुसरा रूळ पहिल्यापेक्षा १.७ पट वेगाने फिरतो. आळंदी किंवा देहूच्या वाटेवर दिंडीतले पुढचे भरभर चालू लागले आणि मागचे हळू, की रांग ताणली जाते. तसंच. माणूस दमला, घाईत आला, बोलायला लागला तरी ताण तेवढाच.

दुसरी युक्ती फिरवण्याची. काही रॅपरमध्ये बेल फिरत्या टेबलावर बसते. टेबल गोल फिरतं आणि त्याच वेळी टेबलावरचे रूळ बेलला संथपणे लोळवतात. शीटचा रोल जागेवरच. काहींमध्ये उलट: बेल जागेवर लोळते आणि रोल धरलेला हात तिच्याभोवती प्रदक्षिणा घालतो. तिसऱ्या जातीचे रॅपर बेल एकामागे एक रेटत त्यांची लांब नळी करतात. त्यात बेलच्या दोन टोकांना शीट लागत नाही, म्हणून प्लास्टिक कमी जातं. पण नळी फाडली की हवा आतून पुढच्या बेलपर्यंत जाते. रोज दहा-वीस बेल संपणाऱ्या फार्मवर ते ठीक आहे. पाच गाईंच्या दावणीला नाही.

> चौकट: फूटपट्टी आणि बोटं
>
> ताण बघायचा असेल तर: रोलवरच्या न ताणलेल्या शीटवर मार्कर पेनाने लांबीच्या दिशेने बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा मारा. यंत्र चालू करा. बेलवर गेल्यावर त्या रेघांमधलं अंतर १७ च्या आसपास हवं. १३-१४ आलं तर शीट वाया जातंय आणि पकड ढिली. १९-२० आलं तर ते जास्त पातळ होतंय.
>
> थर बघायचे असतील तर: बेलचा शेवटचा उघडा तुकडा झाकला जाईपर्यंत किती फेरे झाले ते मोजा. त्यात एक मिळवा. चार थरांसाठी त्याची दुप्पट, सहासाठी तिप्पट.
>
> ओल बघायची असेल तर: कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला चारा, मुठीत अर्धा मिनिट दाबा आणि मूठ उघडा. रस गळला तर फार ओली. गोळा राहिला, तळहात फक्त दमट झाला तर थोडी ओली, पण चालेल. गोळा हळूहळू सुटत असेल तर बेत जमला. लगेच विस्कटला तर उशीर झाला.

चौकोनी की गोल?

माझं मत आधीच सांगून टाकतो: हातात चौकोनी बेलर आहे एवढ्यासाठी चौकोनी बेलचा रॅपर शोधू नये.

पतंगाचा मांजा फिरकीवर गुंडाळताना हाताला एकसारखी ओढ लागते. तोच पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यावर गुंडाळा, दर कोपऱ्याला हिसका बसतो. बेलचंही तसंच. गोल बेल रुळांवर सुरळीत लोळते. चौकोनी बेल उड्या मारते. कोपरा आला की शीट जास्त ओढलं जातं, सपाट बाजू आली की ढिलं पडतं. म्हणजे जिथे शीट जाड हवं तिथेच ते पातळ होतं. शिवाय हत्तीगवताचे टणक बुडखे कोपऱ्यातून बाहेर डोकावतात आणि शीटला आतून टोचतात. म्हणून चौकोनी बेलला चार थर पुरत नाहीत, सहा हवेतच. गवत जाड काड्यांचं असेल तर आठ.

दुसरं, चौकोनी बेलर हा लांब काडीसाठी बनलेला असतो. पेंढा, वाळलेलं गवत, ओट, उसाचं पाचट. त्याचा दट्ट्या वैरणीची घडी घडी करून पुढे ढकलतो आणि सुतळीच्या दोन गाठी मारतो. मक्याची कुट्टी त्यात घातली तर ती सुतळीतून सांडून जाते. आणि वजन? पेंढ्याची जी बेल १५ किलोची होते, ती ओल्या गवताची ४० किलोवर जाते. जुन्या बेलरचा दट्ट्या, गाठ मारणारी यंत्रणा, सुतळी या सगळ्यांवर तो भार येतो. भावाच्या बेलरची गाठ दर सातव्या-आठव्या बेलला सुटत होती. तेव्हा आम्ही सुतळीला दोष दिला.

तिसरं, आणि हे सगळ्यात चकवणारं, पाणी. ताजं हत्तीगवत जवळपास ८० टक्के पाणी असतं. बेलसाठी ते ६० टक्क्यांपर्यंत सुकवायला हवं. ऐकायला वीस टक्क्यांचा फरक वाटतो. पण १०० किलो गवतात कोरडा माल २० किलो. तो माल ४० टक्के व्हायचा तर एकूण वजन ५० किलोवर यायला हवं. म्हणजे निम्मं वजन वाऱ्यावर सोडायचं! ऑक्टोबरच्या उन्हात ते एक-दोन दिवसांत साधतं. श्रावणात पवन मावळात ते कसं साधणार? आणि ओलंच बांधलं तर वेगळ्याच जातीचे जिवाणू माजतात, वास कुजकट येतो आणि गाई तोंड लावत नाहीत. लसूणघासात हा धोका आणखी, कारण त्यात साखर कमी आणि प्रथिनं जास्त, सामू लवकर उतरत नाही.

हत्तीगवत वाईट आहे असं मुळीच नाही. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला उभ्या केलेल्या ‘बायफ’ या संस्थेचं बीएनएच-१० किंवा राहुरी विद्यापीठाचं फुले जयवंत असं वाण बांधावर लावलं की ते वर्षानुवर्षं कापता येतं. पण ते रोज कापून ताजं घालायचं गवत आहे. मुरवायला मक्यासारखा चारा नाही. मक्यात साखर भरपूर, दाणा चिकातून पिठाळ व्हायला लागला की झाडातली ओल आपोआप योग्य येते, कापा आणि सरळ कुट्टी करा, सुकवायची भानगड नाही.

आणि कुट्टीसाठी वेगळंच यंत्र लागतं. जागेवर उभं राहणारं छोटं गोल बेलर-रॅपर. एका बाजूने कुट्टी पट्ट्यावर टाकायची, आत ती फिरत दाबली जाते, सुतळी किंवा जाळी गुंडाळली जाते, बेल रॅपरवर घरंगळते आणि शीट चढतं. बहुतेक यंत्रांत बेल ५५ सेंटिमीटर व्यासाची, ५२ लांबीची. नीट दाबलेल्या मक्याची भरते ६५-७५ किलो. म्हणजे पाच गाईंचा तोच एका दिवसाचा डबा!

आधी गोठा मोजा

यंत्र बघायला गेलं की विक्रेता तासाला किती बेल निघतात ते सांगतो. आपण उलट्या टोकाने निघायचं.

पाच गाई, दिवसाला ७५ किलो, टंचाईचे १८० दिवस. साडेतेरा टन. बेल साधारण १८० ते २००. चांगला आलेला चाऱ्याचा मका एकरी १५ ते २० टन देतो, म्हणजे एका एकराचा खेळ. आता यंत्राला या २०० बेल करायला किती वेळ लागेल? अगदी रमतगमत, चहा पीत केलं तरी दोन दिवस. उरलेले ३६३ दिवस यंत्र गोठ्याच्या कोपऱ्यात उभं, त्यावर कोंबड्या बसणार.

शीटचाही हिशोब याच वेळी मांडा. ५५ × ५२ च्या बेलला चौकटीतल्या नियमाने सहा थरांसाठी तीसेक फेरे लागतात. एक फेरा २.१ मीटरचा. म्हणजे ताणलेलं शीट ६४ मीटर, रोलवरचं ३८. १८०० मीटरच्या रोलमध्ये ४७ बेल. ‘एका रोलमध्ये सत्तर बेल’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं नसतं, पण ते चार थरांचं गणित असतं. सहा महिने उन्हात ठेवायच्या बेलला मी चार थर देणार नाही. दोनशे बेलला सव्वाचार रोल, म्हणजे चव्वेचाळीस किलो प्लास्टिक. ते फाडल्यावर कुठे जाणार हेही आत्ताच ठरवा. चाऱ्याने माखलेलं शीट भंगारवाला हातात घेत नाही, जाळायचं नाही आणि गोठ्यात फडफडत राहिलं तर गाईच्या पोटात जाणार.

म्हणून दहाच्या आत गाई असणाऱ्याने रॅपर विकत घेऊ नये, असं मला वाटतं. दोन रस्ते मोकळे आहेत. एक, मुरघासाच्या बॅगा. आत पातळ प्लास्टिकचं अस्तर, बाहेर विणलेली जाड पिशवी. थर थर तुडवून भरायच्या, तोंड पिळून घट्ट बांधायचं. दाब यंत्राइतका येत नाही, पण उंदरांनी छळलं नाही तर बाहेरची पिशवी दोन-तीन हंगाम टिकते. दोन, भाड्याने यंत्र. एखादा तरुण ते ट्रॉलीवर घालून गावोगाव फिरवतो आणि बेलमागे पैसे घेतो. पंधरा-वीस गोठ्यांचं काम एकाच यंत्राने झालं तर त्याचंही पोट भरतं.

राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून मुरघास आणि चारा-प्रक्रियेच्या प्रकल्पांना ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत भांडवली अनुदान आहे. ‘५० टक्के’ वाचून अनेकांचे डोळे चमकतात. पण ती योजना चारा विकण्याचा धंदा करू बघणाऱ्या तरुणासाठी, गटासाठी आहे. अनुदानाने यंत्र निम्म्या किमतीत येईल, पण त्याने गाई पाचाच्या दहा होत नाहीत.

जो घेणारच आहे त्याने चार गोष्टी तपासाव्यात. शीट ताणणारे रूळ खरोखर दात्याच्या चक्रांवर फिरतात की नुसत्या घर्षणावर. फेरे मोजणारा काउंटर आहे का आणि शीट तुटलं तर यंत्र आपोआप थांबतं का. गुंडाळलेली बेल किती उंचीवरून पडते, खाली धसकटं असतील तर सगळी मेहनत एका भोकात जाते. आणि वीज. मोटर थ्री-फेज असते आणि शेतीच्या फीडरवर ती वीज ठरावीक तासच मिळते. कापलेला मका विजेची वाट बघत ढिगात पडला तर तो तिथेच तापायला लागतो. बांधलेल्या बेलवर त्याच दिवशी, शक्यतो दोन-चार तासांत शीट चढलंच पाहिजे. यासाठी डिझेल इंजिनवर चालणारा नमुना महाग पडला तरी बघावा.

बेल ठेवताना गोल बेल चपट्या तोंडावर उभी ठेवायची, कारण फेरे तिथे एकमेकांना छेदतात आणि शीट सगळ्यात जाड असतं. वर जुनी शेडनेट टाकायची, कावळे आणि मैना चोची मारतात. भोक दिसलं की त्याच दिवशी मुरघासाची टेप. आमच्या डिस्पॅचची तपकिरी टेप उन्हात आठवड्याभरात सुटते, हाही प्रयोग करून झाला आहे.

दुसऱ्या वर्षी

भावाने पुढच्या वर्षी शेजाऱ्याचं एकर खंडाने घेऊन मका केला आणि शेजारच्या गावातला भाड्याचा रॅपर बोलावला. मी रविवारी थेरगावहून पहाटे निघून पोचलो, खिशात स्टीलची फूटपट्टी आणि मार्कर. चालवणारा पोरगा पंचविशीतला, कानात इअरफोन. पहिली बेल चढण्याआधी मी रोलवर दोन रेघा मारल्या. त्याने काही न बोलता बघून घेतलं.

बेल खाली आली. पट्टी लावली. तेरा सेंटिमीटर.

“दादा, यंत्र नवं हाय,” तो म्हणाला.

रूळ उघडून बघितले तर शीटचा चिकट गोंद आणि मक्याची धूळ यांचा काळा लेप चढला होता, रबर दिसतच नव्हतं. शीट रुळावरून नुसतं घसरत होतं, ताणलं जातच नव्हतं. डिझेलच्या फडक्याने अर्धा तास पुसलं, मग कोरड्या फडक्याने. पुन्हा रेघा, पुन्हा बेल. साडेसोळा.

पोराने इअरफोन काढले. “कंपनीत क्वालिटीला हाय का तुम्ही?”

“डिस्पॅचला.”

“मग ठीक हाय,” तो म्हणाला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रत्येक दहाव्या बेलला माझ्याकडून पट्टी मागून घेत राहिला.